शब्दवेध : सिलिंडर

‘सिलिंडर’ मूळचा ग्रीक. ‘किलिन्द्रोस’ म्हणजे रूळ. त्यामागे ‘गडगडणे’ या अर्थाचा धातू. गणिताच्या मराठी पुस्तकांत तीच वृत्तचिती. संगणकातही हा शब्द येतो: हार्ड डिस्कच्या एकावर एक बसवलेल्या तबकड्यांवरचे समान त्रिज्येचे ट्रॅक मिळून सिलिंडर होतो. जुना बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, डिस्कवरील माहितीचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा सांगे. जास्तीत जास्त १०२४, २५६ आणि ६३. व्हर्च्युअल मशीनची डिस्क बहुधा नुसती फाइल असते, तिच्यात तबकडी नाही. तरी जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम हे आकडे मागतात आणि एम्युलेटर ते रचून देतो. पार्टिशन टेबलशी ते जुळले नाहीत, तर मशीन सुरू होतानाच अडू शकते. जुनी डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवण्याआधी तिची भूमिती, म्हणजे हे तीन आकडे, नोंदवून ठेवा.