परदेशशिक्षित विद्वान संघ, चीन

परदेशात शिकून मायदेशी परतलेल्या चिनी पदवीधरांची जुनी संघटना. स्थापना बीजिंग येथे, १९१३. मुत्सद्दी वेलिंग्टन कू, शिक्षणतज्ज्ञ त्साय युआनपै आणि रेल्वे अभियंता झान तियानयू हे तिच्या संस्थापकांपैकी होत.

अशा संस्थेची निकड झान यांच्या आयुष्यावरून कळते. छिंग सरकारने १८७२ पासून १२० मुले अमेरिकेत शिकायला पाठवली. १८८१ मध्ये ती मोहीम गुंडाळून त्यांना परत बोलावले. परतलेल्यांकडे संशयानेच पाहिले गेले. त्यांपैकीच एक, येल विद्यापीठात रेल्वे अभियांत्रिकी शिकलेल्या झान यांना थेट फूजौच्या नौदल शाळेत धाडले. विद्येची ही नासाडी अक्षम्यच होती. पुढे याच माणसाने बीजिंग–झांगज्याकौ लोहमार्ग (१९०५–०९) उभारला. बादालिंगजवळच्या तीव्र चढावर गाडी एका फाट्यावर नेऊन, तिथून उलट दिशेने वर काढण्याची त्यांची युक्ती आजही पाहायला मिळते.

ओळखीपाळखी, व्याख्याने, नोकरीची वाट दाखवणे ही संघाची मूळ कामे. सांस्कृतिक क्रांतीत ती थंडावली. आर्थिक सुधारणांनंतर परतणाऱ्यांचा ओघ वाढला, तेव्हा उद्योजक सभासदांसाठी संघात स्वतंत्र व्यापारी मंडळही निघाले. देशानुसार शाखा आहेत; नव्याने परतलेल्याला तिथे आपल्याच विद्यापीठाचे आधीचे विद्यार्थी भेटतात, आणि खरा आधार बहुधा तोच. संघ कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाच्या मार्गदर्शनाखाली चालतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र व्यावसायिक संघटना मानता येत नाही.