थव्याचा अदमास

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा उजनीच्या फुगवट्यावर किंवा नांदूर मधमेश्वरच्या काठावर उभे राहिलेले पक्षिनिरीक्षक वहीत ‘चक्रवाक ३५०’, ‘तलवार बदक १,२००’ असे आकडे टिपतात. हे आकडे एकेक पक्षी मोजून आलेले नसतात. तो अदमास असतो, आणि नवख्या माणसाला त्यात थोडी बनवाबनवी वाटते. मला तसे वाटत नाही. शेवटच्या एककापर्यंत नेमका आकडा मागण्याची सवय आपल्याला बंदुकीने लावली. जिवंत थव्याला मात्र अदमासाशिवाय दुसरे माप नाही, हे या नोंदीची कुळकथा पाहिली की पटते.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात जुन्या शिकारींचे दगडी फलक आजही उभे आहेत. त्यांवर तारखा आहेत, पाहुण्यांची नावे आहेत आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीचा आकडा आहे ४,२७३. त्यातल्या शेवटच्या तिनाबद्दलही शंका नाही, कारण मेलेला पक्षी उडत नाही आणि शेजारच्याच्या आड लपत नाही. अमेरिकेत हीच चढाओढ नाताळच्या दिवशी चाले. गावातले लोक दोन गट करून रानात जात, दिसेल ते मारत आणि संध्याकाळी ज्या गटाचा ढीग मोठा तो जिंकला असे ठरे. पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी डिसेंबर १९०० मध्ये आपल्या ‘बर्ड-लोअर’ मासिकातून सुचवले की यंदा बाहेर पडा, पण मारू नका, मोजा. त्या पहिल्या नाताळात २५ ठिकाणी मिळून २७ जण गेले आणि त्यांनी सुमारे ९० जातींचे साडेअठरा हजार पक्षी नोंदवले. बारकाईने पाहिले तर चॅपमन यांनी जुन्या खेळातले बहुतेक सगळे तसेच ठेवले होते: तोच दिवस, तीच पायपीट, तीच यादी, आणि जास्त कोणाचे ही ईर्षासुद्धा. बंदूक तेवढी काढून घेतली. तिच्याबरोबर ढीग गेला आणि ढिगाबरोबर नेमकेपणाची सोयही गेली. म्हणून त्यांनी आकड्यासोबत हवामान, वारा, निघाल्याची वेळ आणि परतल्याची वेळही मागितली. माझ्या मते या सगळ्या प्रथेतली ही सर्वांत मोलाची भर आहे.

अदमासाची रीत मात्र त्याहून जुनी. १८१० च्या सुमारास केंटकीत पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन यांच्या डोक्यावरून प्रवासी पारव्यांचा लोंढा चालला होता. त्यांनी लोंढ्याची रुंदी एक मैल धरली, वेग मिनिटाला एक मैल, वेळ चार तास आणि दर चौरस यार्डाला तीन पारवे. गुणाकार आला २,२३,०२,७२,०००. १८१३ मध्ये पक्षिचित्रकार ऑड्युबॉन यांनी अशाच एका लोंढ्यासाठी तीन तास आणि दर चौरस यार्डाला दोन पारवे धरले आणि १११ कोटींच्या वर गेले. या आकड्यांतल्या हजारांना आणि लाखांना काही अर्थ नाही, पण हिशोब उघडा आहे. तिनाऐवजी एकच पारवा धरा, रुंदी निम्मी करा, उत्तर तुमचे तुम्हाला काढता येते. पुढे शंभर वर्षांत ही जात संपली. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. मधल्या उताराची वर्षवार नोंद कोणी ठेवली नाही. जे ‘असंख्य’ आहेत ते कशाला मोजायचे, असेच बहुधा सगळ्यांना वाटले असेल.

डोळ्याची कुवत किती, याचाही शोध जुना आहे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने पांढऱ्या डबीत मूठमूठ काळे दाणे टाकून, क्षणभर पाहून आकडा सांगायचा आणि मग मोजायचे, असे १,०२७ वेळा केले आणि १८७१ मध्ये निष्कर्ष छापले. चारपर्यंत एकदाही चूक झाली नाही. पाचाला चुका सुरू झाल्या आणि दहाला निम्म्याहून अधिक वेळा आकडा चुकला. दाणे तरी निपचित पडलेले होते. ज्वारी हुरड्यात आल्यावर शेतावर उतरणाऱ्या भोरड्या एका जागी ठरत नाहीत. म्हणून निरीक्षक थव्यातल्या दहा भोरड्या खरोखर मोजतो, त्या नजरेत किती जागा अडवतात ते मनात धरतो, तशी दहा ठिगळे जोडून शंभराचा तुकडा करतो आणि तो तुकडा थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पालथा घालत जातो. थवा कडेला विरळ आणि मध्ये दाट असतो. कडेचा तुकडा सगळीकडे लावला तर आकडा पडतो. मागचे पक्षी पुढच्यांआड जातात, त्यानेही पडतो. थवा जितका मोठा तितकी ही तूट साधारणपणे वाढत जाते.

मग दोघांचे आकडे जुळत नसताना विश्वास कशावर ठेवायचा? आक्षेप खरा आहे. ‘चूक दरवर्षी सारखीच, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही’ हे त्याला नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच आहे, कारण माणसे बदलतात आणि तूटही सारखी राहत नाही. पुरे उत्तर आपल्या महसुली कारभारात सापडते. पिकाची पैसेवारी आधी नजरअंदाज जाहीर होते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, आणि तिच्या पडताळणीसाठी निवडलेल्या प्लॉटमध्ये प्रत्यक्ष पीक कापून वजन करतात. पैसेवारीवरून भांडणे होतात, पण आकडा समोर असतो म्हणूनच भांडता येते. पक्ष्यांच्या बाबतीत पीक कापणीची जागा छायाचित्र घेते: थव्याचा फोटो काढायचा, घरी येऊन त्यावर एकेक ठिपका देत मोजायचे आणि काठावर बोललेला आकडा किती हुकला ते पाहायचे. शिवाय जागा तीच, आठवडा तोच, वेळ लिहिलेली. एवढे केले की अदमास तपासता येतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातला चढउतार मुख्यतः किती याद्यांत त्या पक्ष्याचे नाव आले यावरून काढला आहे, किती पक्षी दिसले यावरून नव्हे. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही संख्येऐवजी नुसता ‘एक्स’ लिहिता येतो. मग अदमासाची यातायात कशासाठी? एकेकटा तारेवर बसणारा नीलपंख कमी झाला तर तो याद्यांतूनही गळतो, तिथे ही रीत उत्तम चालते. थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांचे तसे नाही. हजार बदकांची शंभर झाली तरी यादीत नाव येतच राहते आणि नऊशेची घट कागदावर दिसत नाही. पाणथळींच्या रक्षणातही हाच आकडा उपयोगी पडतो. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २० हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतले एक टक्का पक्षी तिथे राहत असतील, तर तेवढ्यावरही ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीसाठी पात्र ठरते. अशा पाणथळीसाठी दावा मांडायचा तर काठावरून कोणीतरी दहा, शंभर, हजार असे तुकडे लावत काढलेलेच आकडे पुढे ठेवावे लागतात. ‘एक्स’ लिहिलेल्या याद्या कितीही जमवल्या तरी त्यांची बेरीज होत नाही.