शीवेवरचा पाऊस, धनुष्याची दोरी आणि मेण

शीव म्हणजे सीमा. गावाची शीव, शेताची शीव, आणि मुंबईपुरते बोलायचे तर परळ बेटाची उत्तरेकडची शीव. याच सीमेवरच्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीने १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेरार्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत, किल्ला बांधला. खाडीपलीकडे साष्टी होती आणि तिथे पोर्तुगिजांचा अंमल होता. आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय आहे.

हा किल्ला तोफा-बंदुकांच्या काळातला. परंतु खाडीपलीकडचे पोर्तुगीज दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर प्रथम उतरले, तेव्हा त्यांच्याकडे बंदुकीच्या जोडीला आणखी एक शस्त्र होते: क्रॉसबो. लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले, चाप दाबून सोडायचे धनुष्य. त्याच्या दोरीला मेण लावावे की नाही, लावल्यास कुठे आणि किती, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. कोकणच्या पावसात तो तसा राहत नाही. सविस्तर थ्रेड.

आधी दोरी समजून घेतली पाहिजे. क्रॉसबोची दोरी हा एक जाड दोर नव्हे. ताग किंवा जवसाच्या धाग्याचे अनेक पदर दोन खुंट्यांभोवती फिरवून तिची लड तयार करीत. दोन्ही टोकांना धनुष्यात अडकवायचे फासे असत. फाशांवर आणि मधोमध वेगळा दोरा घट्ट गुंडाळलेला असे. या गुंडाळीला आपण ‘वेष्टण’ म्हणू. मधले वेष्टण महत्त्वाचे, कारण ताणलेली दोरी शिंगाच्या एका फिरकीवर अडकून राहते, चाप ओढला की त्या फिरकीवरून निसटते आणि दांड्याला घासत पुढे जाते. प्रत्येक बाणागणिक सगळे घर्षण त्या दोन-तीन बोटे रुंदीच्या जागेवर.

ताण किती असे? सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज अभ्यासकाने १९०३ मध्ये क्रॉसबोवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या संग्रहातले पोलादी पात्याचे एक जुने युद्धधनुष्य ओढायला सुमारे १२०० पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास जोर लागे. इतक्या ताणाखाली दोरी तुटली तर नुकसान केवळ दोरीचे होत नाही. मोकळे सुटलेले पाते तडकू शकते, आणि जवळ उभ्या माणसाची धडगत नसते.

आता मेण. त्याची कामे दोन. पदरांना एकत्र धरून ठेवणे हे पहिले, त्यामुळे ते एकमेकांवर घासून झिजत नाहीत. पाणी बाहेर ठेवणे हे दुसरे. शीवेच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या धारावीत चामड्याचे काम करणाऱ्या कुणाही कारागिराला हे सांगावे लागत नाही. हाताने शिवायचा दोरा तो आधी मेणाच्या खड्यावरून ओढून घेतो. धनुष्याच्या दोरीचे उघडे पदर हे त्या दोऱ्याचेच मोठे भाऊबंद. तिथे मेण हवेच, आणि बोटांच्या उबेने आत मुरेपर्यंत चोळलेले हवे.

मधल्या वेष्टणाचे गणित निराळे. तिथे मेणाचा थर चढवला तर त्याला धूळ आणि वाळूचे कण चिकटतात. वाळू आणि मेण मिळून जे तयार होते तो जवळजवळ पॉलिश कागदच, आणि तो बसतो नेमका घर्षणाच्या जागी. शिवाय सुटलेले मेण फिरकीच्या खाचेत साचते. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते खरे, पण त्याच्या बरेच आधी मऊ आणि चिकट होते, आणि उन्हात तापलेल्या जहाजाच्या तक्त्यावर तेवढी उष्णता सहज मिळते. म्हणून वेष्टणाला मेण गुंडाळण्याआधी, दोऱ्यालाच, हलक्या हाताने द्यायचे. वरून लिंपायचे नाही. आजचे क्रॉसबो कृत्रिम धाग्यांचे असतात, तरी उघड्या पदरांना मेण आणि मधले वेष्टण शक्यतो कोरडे, हीच शिस्त सांगितली जाते.

दोरी भिजल्याने लढाई हरल्याची सर्वांत प्रसिद्ध कथा १३४६ च्या क्रेसीची आहे. फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या जिनोव्हाच्या क्रॉसबोधाऱ्यांच्या दोऱ्या ऐन लढाईआधीच्या सरीने निकामी झाल्या आणि इंग्रज तिरंदाजांनी आपल्या दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली कोरड्या ठेवल्या, असे जाँ द व्हेनेत या समकालीन फ्रेंच बखरकाराने लिहिले. पेन-गॉलवेला हे पटेना. त्याने क्रॉसबो पाण्याच्या टाकीत एक दिवस आणि एक रात्र बुडवून ठेवला. दोरीच्या लांबीत त्याला फरक आढळला नाही. म्हणून क्रेसीची कथा खोटीच, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. अभ्यासकाने निगुतीने राखलेली दोरी आणि लांबच्या कूचीनंतर सैनिकाच्या खांद्यावर असलेली दोरी यांत फरक असतो. त्या कथेतला एक तपशील मात्र विचार करण्यासारखा आहे. इंग्रजांना दोरी काढता आली, जिनोव्हाच्या लोकांना नाही. ताठ पात्याच्या क्रॉसबोची दोरी हाताने उतरत नाही. आधी दुसरी कामचलाऊ दोरी चढवून पाते वाकवावे लागते. ज्याला दोरी खिशात घालता येत नाही, त्याला मेणावरच भिस्त ठेवावी लागते.

हे शस्त्र घेऊन पोर्तुगीज हिंदी महासागरात आले. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, १४९७ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरताना खलाशांनी बरोबर नेलेल्या हत्यारांत क्रॉसबो आहेत. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी गोव्यात त्यांची मोसमी पावसाशी गाठ पडली.

अफोन्सो द आल्बुकर्कने १५१० च्या प्रारंभी गोवा फारशा प्रतिकाराविना घेतले. मे महिन्यातल्या एका वादळी रात्री आदिलशाही फौज खाडी ओलांडून बेटावर उतरली आणि महिनाअखेरीस पोर्तुगिजांना शहर सोडून जहाजांवर जावे लागले. तोवर समुद्र खवळला होता. मांडवीच्या मुखाबाहेर पडता येईना आणि किनाऱ्यावर शत्रूच्या तोफा. ऑगस्टपर्यंत हे आरमार नदीतच अडकले. उपासमार इतकी, की उंदीर आणि उकडलेले चामडे खाण्याची पाळी आली. याच दिवसांत पणजीच्या किल्ल्यावर त्यांनी छापाही घातला.

त्या अडीच-तीन महिन्यांत जहाजावरच्या कुठल्याही शस्त्राची परीक्षाच होती. तोड्याच्या बंदुकीला जळती वात आणि कोरडी दारू लागते. सततच्या पावसात दोन्ही दुर्मीळ. दोरीचे दुखणे वेगळे. पिळाची दोरी भिजली की फुगून आखडते, वाळली की सैल पडते. वाळत घालायची सुती दोरी जूनमध्ये कशी ताठते हे मुंबईकरांना ठाऊक आहे. हे आखडणे-सैलावणे दिवसातून चार वेळा झाले, वर खारी हवा आणि बुरशी लागली, तर पदर आतून कुजतात आणि बाहेरून कळतही नाही. अशा वेळी मेण चोळणे हे रोजचे काम ठरते, आणि सुट्या दोऱ्या हा खरा दारूगोळा. मेक्सिकोच्या स्वारीत (१५१९) एर्नान कोर्तेसबरोबर ३२ क्रॉसबोधारी होते. त्यांना सुट्या दोऱ्या आणि सुट्या फिरक्या बाळगण्याची ताकीद दिली जात असे, हे त्याच स्वारीतला सैनिक बर्नाल दियाझ लिहून गेला आहे.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, पाऊस सरल्यावर, आल्बुकर्कने गोवा पुन्हा घेतले.

सह्याद्री-सातपुड्यातल्या तिरंदाजाने हाच पाऊस शतकानुशतके पाहिला होता आणि त्याचे उत्तर निराळे होते. खानदेशातल्या भिल्लांच्या तीरकामठ्यात धनुष्य बांबूचे आणि दोरीही बहुधा बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची. तिला पदर नाहीत, पीळ नाही. म्हणजे पाणी शोषून आखडायलाही फारसे काही नाही आणि मेणाचे कामही नाही. ही युक्ती जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रत्यंचेसाठी सहा द्रव्ये सांगितली आहेत: मूर्वा, रुई, शण, गवेधु, वेळू आणि स्नायू. त्यातला वेळू म्हणजे हाच बांबू. (मूर्वेवरून प्रत्यंचेला ‘मौर्वी’ हे नाव पडले.) बांबूची पट्टी साडेपाचशे किलोचा ताण सोसणार नाही, हे उघड आहे, पण रानात फिरणाऱ्या शिकाऱ्याला तेवढा ताण नकोच होता. शस्त्र हवामानाला जुळवून घेतले की देखभालीचा निम्मा प्रश्न मिटतो, याकडे शस्त्रांचा इतिहास लिहिताना फार थोडे लक्ष दिले गेले आहे.

मराठी राज्यव्यवहारात मेण येते ते तोफेच्या संदर्भात. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) किल्ल्यांच्या प्रकरणात पावसाळ्यासाठी स्पष्ट सूचना आहे. भांड्यांना, म्हणजे तोफांना, आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावेत, आणि वरून आच्छादन घालावे. काना म्हणजे बत्ती द्यायचे छिद्र. दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे आणि दारू, बाण वगैरेंना ऊन देत जावे, असेही त्यात आहे. इथे वाचक हमखास फसतो. त्या काळच्या कागदांतला ‘बाण’ बहुतेक वेळा धनुष्याचा नसून दारू भरलेला अग्निबाण असतो. त्याला ऊन देण्याचे कारण तेच.

मात्र कान्यातले मेण आणि दोरीवरचे मेण यांत एक भेद आहे, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडते. कान्यात मेण ठासून भरता येते, कारण ती तोफ त्या दिवसांत उडवायची नसते. गरज पडली की मेण कोरून काढायचे. हत्यार साठवायचे असेल तर मेण सढळ हाताने द्यावे. तेच हत्यार आज संध्याकाळी चालवायचे असेल तर उघड्या पदरांत मुरवावे आणि मधले वेष्टण स्वच्छ राखावे. मांडवीत अडकलेल्या पोर्तुगिजांना पावसाळा साठवणीचा काळ म्हणून घालवण्याची सोय नव्हती. दख्खनच्या फौजांना बहुधा ती असे: पावसाळ्यात छावणी, खंडेनवमीला शस्त्रे काढून पुसून पूजन, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन.

शीवेचा किल्ला उभा राहिला तोवर क्रॉसबो पश्चिम किनाऱ्यावरच्या युद्धातून गेला होता. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर तोफाच समोरासमोर आल्या. जूनमध्ये त्या तोफांच्या कान्यांवरून वाहणारे पाणी दोन्हीकडे सारखेच होते.