मुक्त ज्ञानकोशाची घडण : स्वयंसेवक, नियम आणि स्वामित्व

जेथे कोणासही लिहिण्याची मुभा असते तेथे संघटना नसते, अशी एक समजूत रूढ आहे. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाच्या प्रारंभीच्या वर्षांचा इतिहास पाहता ती टिकण्यासारखी नाही. तेथे नियंत्रण होतेच. त्याचे स्थान मात्र पालटले होते.

या कोशाचा पूर्वावतार म्हणजे मार्च २००० मध्ये अमेरिकेत सुरू झालेला न्यूपीडिया. जिमी वेल्स यांच्या भागीदारीतील बोमिस ही कंपनी त्याचा खर्च सोशीत असे. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लॅरी सँगर हे मुख्य संपादक होते. लेखक विषयाचा जाणकार असावा व लेखाची सात टप्प्यांत तपासणी व्हावी, असा दंडक होता. लेखकास मोबदला नव्हता. परीक्षेचा जाच मात्र पुरेपूर होता. सप्टेंबर २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला तेव्हा पूर्णत्वास गेलेल्या लेखांची संख्या पंचवीसच्या आसपासच होती.

न्यूपीडियास कच्चे लेखन पुरवावे, एवढ्याच हेतूने १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रचारात आणलेली 'विकी' पद्धती त्यासाठी स्वीकारण्यात आली. तीत वाचकास वाचता वाचता मजकूर सुधारता येई, आणि कोणी तो बिघडविल्यास पूर्ववत करणे फारसे कष्टाचे नसे. संपूर्ण लेख लिहिण्याची उमेद नसलेला मनुष्यही एखादे वाक्य दुरुस्त करू शके. वर्षअखेर लेखसंख्या सुमारे २०,००० झाली. तपासणी नाहीशी झाली नव्हती. ती प्रकाशनापूर्वी होण्याऐवजी प्रकाशनानंतर होऊ लागली, इतकेच.

परंतु या श्रमाचा धनी कोण? फेब्रुवारी २००२ मध्ये जाहिरातींची शक्यता बोलून दाखविली जाताच स्पॅनिश भाषेतील बरेच लेखक बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र कोश उभारला. लेखनाचा परवानाच असा होता की, मजकूर सोबत नेण्यास कोणाची आडकाठी नव्हती. पुढे २० जून २००३ रोजी विकिमीडिया प्रतिष्ठान ही ना-नफा संस्था स्थापन झाली. एकट्या स्पॅनिश फुटीचे हे फळ, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि विनावेतन लेखकाच्या हाती निघून जाण्याचा हक्क हे एक मोठे शस्त्र असते, हे त्या फुटीने दाखवून दिले. मराठी विकिपीडियाचा जन्मही याच संक्रमणकाळातला, १ मे २००३ चा.

विस्ताराबरोबर नियमही वाढले. २००४ च्या आरंभी इंग्रजी कोशात तंटे मिटविण्यासाठी लवाद समिती काम करू लागली. २००५ मध्ये पत्रकार जॉन सीगेंथालर यांच्या चरित्रात घातलेला खोटा मजकूर काही महिने तसाच राहिला. त्यानंतर, डिसेंबरमध्ये, नोंदणी न केलेल्यांचा तेथे नवे लेख सुरू करण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. २००७ नंतर इंग्रजी कोशातील सक्रिय संपादकांची संख्या काही वर्षे घटत गेली. नियमांचे जंजाळ व नवागतांच्या लेखनाची तडकाफडकी होणारी काटछाट ही त्याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत.

तात्पर्य, न्यूपीडियाने दार अरुंद ठेवले म्हणून लेखक आले नाहीत. विकिपीडियाने ते सताड उघडले, आणि आलेल्या लेखनाच्या रक्षणासाठी उंबरठा पुन्हा उंच केला. विश्वसनीयता आणि मुक्तता यांतील हा ताण नियमांनी संपत नाही. त्याचा भार कोणी वाहावयाचा, जुन्या संपादकांनी की नवागताने, एवढेच नियम ठरवितात. आणि कोशात उद्या कोण लिहिणार, हे त्या वाटणीवर अवलंबून राहते.