ईश्वराचा वाद आणि माणसाचा हक्क

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे उघड्या चौथऱ्यावर एक काळी शिळा उभी आहे. गावातील घरांना परंपरेने दारे नाहीत. चोरास शनिदेव शासन करतो, अशी तेथील श्रद्धा. अशा दारे नसलेल्या गावात स्त्रियांना मात्र चौथरा वर्ज्य होता. या बंदीविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० साली आंदोलन केले. ईश्वर मानणे हीच अंधश्रद्धा, असे डॉ. श्रीराम लागू जाहीर वादसंवादांतून मांडत. ईश्वराविषयी समिती तटस्थ आहे, असे दाभोलकर सांगत. हा मतभेद असूनही दोघे या लढ्यात एकत्र होते. ज्यांना देव मान्य नाही त्यांनी देवाच्या दारी स्त्रियांचा हक्क का मागावा, असा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला.

हा प्रश्न मुस्लिम समाजातही उठला होता. हमीद दलवाई स्वतः निरीश्वरवादी होते. आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. नास्तिकाने मुसलमानांच्या वतीने बोलू नये, हा आक्षेप त्यांना झेलावा लागला. परंतु १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा जो मोर्चा नेला, तो अल्लाच्या अस्तित्वाविषयी नव्हता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध होता. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळाने ‘सत्यशोधक’ हे नाव महात्मा फुले यांच्या समाजावरून घेतले. फुले तर ‘निर्मिक’ मानणारे होते!

या आक्षेपाचे उत्तर आम्हांस नाशिकच्या इतिहासात मिळते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करताना बोधिसत्त्व बाबासाहेबांना रामाचे दर्शन नव्हे, तर माणुसकीचा समान हक्क हवा होता. तथागतांची दृष्टीही हीच. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ते ईश्वरनिर्मितीच्या मताची परीक्षा आचरणावरून करतात: सर्व काही ईश्वरामुळेच घडत असेल तर हत्या, चोरी व असत्य यांचा कर्ताही तोच ठरतो आणि ‘हे करावे, हे करू नये’ या प्रयत्नास अर्थ उरत नाही.

२०१६ साली दोन्ही ठिकाणी बंदी उठली. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. हाजीअली दर्ग्याच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने २६ ऑगस्टला निर्णय दिला. तेथे दाद मागणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या स्त्रिया श्रद्धावान होत्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ज्यांची हत्या झाली, त्या दाभोलकरांना मात्र हे पाहता आले नाही.

आम्ही ईश्वर मानीत नाही, आणि ते मत लपविण्याचे कारणही नाही. तथापि ईश्वर मानणारी स्त्री आपला हक्क मागत असेल, तर ‘तुझा देव खोटा’ असे सांगत दूर उभे राहणे हा धम्म नव्हे. वाद बुद्धीने करावा. साथ मात्र मैत्रीने द्यावी.