प्राणदायी झटक्याची कुळकथा

ज्या विद्युत्शक्तीच्या धक्क्याने माणूस क्षणार्धात गतप्राण होतो, तीच शक्ती योग्य मात्रेत हृदयातून गेली असता जाऊ पाहणारे प्राण परत आणू शकते, या ज्ञानाचा उगम शोधू लागले की आपण एका कोंबडीपाशी येऊन पोहोचतो. आबिल्डगार्ड नावाच्या डॅनिश पशुवैद्याने १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे, की मस्तकावरील झटक्याने निश्चेष्ट पडलेली कोंबडी छातीवर दुसरा झटका बसताच उठून चालू लागली. आणि हा प्रयोग पुनःपुन्हा सोसल्यावर तिने दिवसभर दाण्याला चोच लावली नाही, तरी पुढे पूर्ववत् होऊन अंडेही घातले.

यामागील कार्यकारणभाव जिनिव्हा येथील प्रेव्हो व बातेली यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविला. अल्प प्रवाहाने हृदयाचे स्नायू विस्कळीत थरथरू लागतात. भजनातला प्रत्येक टाळकरी आपापल्याच ठेक्यात टाळ कुटू लागावा, तशी ही अवस्था असते. तीव्र झटका ही सारी थरथर एकदम थांबवितो, आणि त्या शांततेत हृदयाचा मूळचा ठेका पुन्हा धरला जाण्याची शक्यता निर्माण होते. पुढे तारांवर काम करणारे कामगार विजेच्या धक्क्याने मरू लागले, तेव्हा अमेरिकेतील वीज कंपन्यांनीच या संशोधनाचा खर्च उचलला, आणि बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कौवेनहोव्हेन या विद्युत् अभियंत्याने आपले आयुष्य त्यात घातले. १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या छातीतील हृदयास झटका देऊन त्याला वाचविले. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडताच तो देता येतो हे सिद्ध केले. आणि १९६५ च्या सुमारास बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी ७० किलो वजनाचे यंत्र रुग्णवाहिकेत चढवून रोग्याच्या दारी नेले.

तरीही झटका द्यावा की न द्यावा याचा अखत्यार हृदयालेख वाचू शकणाऱ्या जाणत्या माणसाकडेच राहिला होता. माझ्या मते या कुळकथेतील खरी क्रांती यंत्राचे वजन पुढे घटत गेले त्यात नाही, तर हा अखत्यार यंत्राकडे सोपविला गेला त्यात आहे. अमेरिकेतील पोर्टलंड येथील शल्यविशारद आर्च डायक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ज्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, ते हृदयाचा ताल स्वतः तपासून निर्णय घेई. आजची एईडी, म्हणजे झटका देणारे स्वयंचलित यंत्र, त्याच वंशातली. झटक्याने सुधारेल असा ताल आढळला तरच ती झटका देते वा देण्यास सांगते. सुरळीत चाललेल्या किंवा पूर्ण थांबलेल्या हृदयाला ती तो नाकारते, आणि सामान्य माणसाला ती वापरण्याची मुभा मिळाली ती याच नकाराच्या भरवशावर. लास व्हेगासच्या कॅसिनोंतील पहारेकऱ्यांनी ती वापरली, तेव्हा डोळ्यांदेखत कोसळलेल्या व झटक्याने सुधारेल असा ताल असलेल्या ज्यांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांपैकी ७४ टक्के वाचले, तर उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के, असे २००० साली प्रसिद्ध झाले.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी मात्र माणसानेच सांभाळावयाच्या असतात. बेशुद्ध आणि नीट श्वास न घेणाऱ्या मनुष्याची छाती यंत्र येईपर्यंत दाबत राहावी; ते येताच ती उघडी करावी, ओली असल्यास पुसावी. यंत्राचा एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या बगलेखाली बरगड्यांवर घट्ट चिकटवावा. तपासणी व झटका चालू असताना अंगाला कोणीही हात लावू नये. आणि झटका मिळताच, हृदय चालू झाले का हे पाहत न बसता, पुन्हा छाती दाबावयास लागावे.

मुलांची शाखा या वंशात सर्वांत उशिरा फुटली. आठ वर्षांखालील वा २५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांसाठी झटक्याची मात्रा घटविणारे खास पॅड किंवा चावी आली, आणि एका प्रचलित यंत्रात १५० ज्यूलचे ५० ज्यूल झाले. मुलांचे हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे थांबते, सबब त्यांना छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो. लहानांचे पॅड मोठ्यांना लावू नयेत, कारण ती मात्रा अपुरी पडते. उलट मुलासाठी खास पॅड नसतील तर मोठ्यांचेच घ्यावेत, आणि ते एकमेकांस भिडत असतील तर एक छातीच्या मध्यभागी व दुसरा पाठीवर लावावा. २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी वर्षाखालील अर्भकांसाठीही, दुसरा उपाय हाताशी नसल्यास, हीच तजवीज मान्य केली.