कामातून घडलेल्या आरोग्यसेविका

पेढीवर नवा मुलगा येतो तेव्हा प्रथम ताग्यांच्या घड्या घालावयास शिकतो. मीटर हाती येतो तो नंतर. आणि शिकून तयार झाला की चार पैसे अधिक मिळतात म्हणून पुण्यास जातो! हे दुःख आम्हा व्यापाऱ्यांच्या परिचयाचे आहे. रुग्णालयांचेही तेच.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील जामखेड येथे कार्य आरंभिले. खेड्यांत परिचारिका नेमून पाहिल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुण मुली तेथे रमेनात. नाणे वा पवन मावळातील वाड्यांना हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा आरोळ्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, बाळंतपण, बालकांचे वजन, जुलाबावरील साखर-मिठाचे पाणी हे शिकत आणि परतून तेच घरोघरी करीत. पुढील आठवड्यास अडलेले प्रश्न घेऊन पुन्हा हजर!

घरदार, शेत, सोयरेधायरे गावातच. सोडून जाणार कोठे? पुष्कळजणी दशकानुदशके टिकल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुढे नव्या सेविकांना शिकविण्याचे काम या जुन्या बायकांनीच अंगावर घेतले.